पतसंस्थेचा हप्ता चालू असताना वजनाचं ऑपरेशन करू का?

प्रश्न: ताई, मी 36 वर्षांची, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात डिस्पॅचची बिलं बघते, पगार 19,800, ईएसआय (कामगार विमा) कट होतं. उंची 158, वजन 96. शुगर 4 वर्षांपासून आहे, दोन गोळ्या चालू आहेत तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 9.4 आली. डाएट केलं, रंकाळ्यावर चालायला गेले, एकदा 9 किलो उतरलं आणि वर्षात 12 परत चढलं. आता डॉक्टर स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन करा म्हणतायत. एका हॉस्पिटलात 3 लाख 20 हजार सांगितले, आणि तिथल्या मॅडम म्हणाल्या की 24 महिन्यांचा बिनव्याजी हप्ता आजच करून देते, सही करा. पण 2019 ला आणि परत 2021 ला शुक्रवार पेठेतलं आमचं घर पाण्यात गेलं, तेव्हाचं पतसंस्थेचं कर्ज अजून चालू आहे, हप्ता 9,200. गाडीचे 3,100. क्रेडिट कार्डवर 60 हजार आहेत, त्याचं फक्त मिनिमम भरते. मिस्टर गोकुळ शिरगावला 24 हजारावर आहेत, त्यांच्या कंपनीची 3 लाखाची फॅमिली पॉलिसी आहे. सुट्टी घेतली तर पगार जाईल. सासूबाई म्हणतात दोन घास कमी खा, एवढा पैसा कशाला घालवायचा. काय करू?

उत्तर: ताई, पहिल्यांदा सासूबाईंचं. दोन घास कमी खाऊन हे होत असतं तर तुमचे ते 9 किलो परत आले नसते. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, त्यात तुमचा आळस नाही. ऑपरेशनचा विचार करताय म्हणून कुणापुढं मान खाली घालू नका.

पण त्या हप्त्यावर सही करू नका. आत्ता तर नाहीच.

वहीवर मांडून बघा. 3 लाख 20 हजाराला 24 ने भागलं की महिन्याला 13,333, वर प्रोसेसिंग फी वेगळी. त्यात पतसंस्था आणि गाडी मिळवली की 25 हजार सहाशेच्या वर जातं, म्हणजे तुमचा अख्खा पगार जाऊन मिस्टरांच्या पगारातले सहा हजार वर. आणि हे ज्या महिन्यात तुमचा पगार अर्धवट येणार त्याच महिन्यात सुरू होणार. जो माणूस "आजच सही करा" म्हणतो त्याच्याकडून घरी येऊन एक रात्र झोपून मग बोलायचं असतं, मग ते हॉस्पिटल असो नाहीतर फ्रीजचं दुकान.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू, आणि ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 38 च्या वर येतो. 2020 च्या ऑक्टोबरपासून आरोग्य विम्याचे जे ठरीव नियम लागू झाले त्यात वजनाचं ऑपरेशन बसतं, बीएमआय 40 असेल तर, किंवा 35 च्या वर असून सोबत आटोक्यात न येणारी शुगर, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल आणि साधे उपाय करूनही वजन उतरलेलं नसेल तर. म्हणजे तुमची 9.4 ची शुगर इथं कामाला येते. पण ग्रुप पॉलिसीत कंपनी काय घेते काय वगळते ते प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून मिस्टरांना एचआरकडून पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागून घ्यायला सांगा, नुसतं कार्ड नाही. त्यात ओबेसिटीचं (लठ्ठपणाचं) कलम, वेटिंग पिरियड (किती काळानंतर क्लेम चालतो ते) आणि रूम रेंट बघायचं. हे रूम रेंटचं लोक बघत नाहीत आणि फसतात, 3 लाखाच्या पॉलिसीला दिवसाला 3 हजाराची रूम चालत असेल आणि तुम्ही 6 हजाराची घेतली तर बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी कॅशलेसची मंजुरी लेखी हातात पाहिजे, "होऊन जाईल" यावर जायचं नाही.

त्यासाठी फाईल करा. चार वर्षांचे शुगरचे रिपोर्ट, डाएटिशियनच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, सगळं तारखेनं लावून. रात्री घोरता का, दिवसा डुलक्या येतात का हेही डॉक्टरांना सांगा. एजंट म्हणेल शुगर लपवून नवी पॉलिसी काढा, ते अजिबात करू नका, क्लेम तिथंच उडतो.

सुट्टीचं तर तुम्ही उगीच घाबरलाय. ईएसआय कट होतं ना, मग आजारपणात 70 टक्के वेतन मिळतं, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पहिले दोन दिवस सोडून. ऑफिसचं बसून काम असेल तर बरेच जण दोन-तीन आठवड्यांत परत येतात, पण तुम्ही डिस्पॅचला गठ्ठे, बॉक्स उचलत असाल तर सहा आठवडे धरा. सहा आठवड्यांचे साधारण साडेअठरा हजार येतील. अट अशी की मागच्या ठरलेल्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनला आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरला. खाडे जास्त झाले असतील तर तारीख त्याप्रमाणे ठरवा. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं, म्हणून ऑपरेशनच्या आधीच त्यांना जाऊन भेटा, आणि ऑपरेशनसाठी ते स्वतः कुठं रेफर करतात का तेही त्याच फेरीत विचारा. हा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही.

पॉलिसीनं नाहीच म्हटलं तर? मुंबईतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांतही ही ऑपरेशनं होतात, रांग असते, काही सामान विकत आणावं लागतं, पण रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून एकदा ओपीडीत दाखवून येणं 3 लाखाच्या कर्जापेक्षा परवडतं.

तोपर्यंत ते कार्ड संपवा. 60 हजारावर साडेतीन टक्के महिना म्हणजे 2,100 रुपये नुसतं व्याज, तुम्ही मिनिमम भरता ते जवळजवळ सगळं तिथंच जिरतं. मंगळसूत्र सोडून एखादा दागिना बँकेत ठेवून तेवढंच सोनेतारण करा, टक्का महिना धरला तरी व्याज 600 वर येतं, आणि कार्ड त्याच दिवशी बंद करा. दागिना विकू नका.

एक खर्च त्या मॅडमनी सांगितला नसेल. स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, नंतर बी12, लोह, कॅल्शियम, डी च्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या कायम लागतात, दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रोटीन लागतं. हे महिन्याच्या यादीत लिहा. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, वाटीभर आळणी रस्सा घोट घोट करत अर्धा तास पुरवायचा. तांबडा-पांढरा बराच लांब राहिला. आणि ऑपरेशननंतर दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

आणि हे सगळं जमेपर्यंत 9.4 घेऊन बसू नका, ते मला सगळ्यात जास्त टोचलं. या आठवड्यातच सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात) किंवा ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन औषधं बदलून घ्या, शुगर खाली आली तर भूल द्यायलाही बरं पडतं.

सोमवारी मिस्टरांना एचआरला मेल टाकायला सांगा. वर्डिंग आलं की ओबेसिटीच्या कलमाचा फोटो मला पाठवा, पॉलिसी नंबर झाकून, आपण दोघी मिळून वाचू.