काम गेल्यावर दावा केला म्हणून तो खोटा ठरत नाही

प्रेस मशीनमध्ये तुमची तर्जनी गेली, ठेकेदाराने रजा ‘आजारपणाची’ दाखवायला लावली, आणि आता दोन वर्षांनी कपातीत काम गेल्यावर ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) खिडकीवर ‘आत्ताच बरं बोट आठवलं?’ असं ऐकावं लागलं. तुमची पोस्ट वाचून लिहितोय, कारण माझंही प्रकरण त्या ‘आजारपण’ शब्दावरच अडकलं होतं.

काम गेल्यावर असे दावे पुढे येतात, पण इजा जुनीच असते. काम चालू असेपर्यंत माणूस नऊ बोटांनीही पगार आणतो आणि गेट बंद होईल या धास्तीने गप्प बसतो. कपातीत पहिला तोच निघतो, नव्या ठिकाणी हात बघूनच परत पाठवतात. कमाई किती घटली ते तेव्हा कळतं.

ईएसआयकडून आजारपणात मजुरीच्या साधारण ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला ९१ दिवस, आणि आधीच्या ठरावीक सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या अपघातात ९० टक्के, बरं होईपर्यंत, आणि हक्क रुजू झाल्या दिवसापासून. पण खरा फटका पुढे बसतो: अपघात कामावरचा मान्य नसेल तर कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, जाताच येत नाही. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के घटली असं धरतात, अंगठ्याला ३०. रोजची सरासरी मजुरी ६०० असेल तर तिचे ९० टक्के ५४०, आणि त्याचे १४ टक्के म्हणजे रोज ७५ रुपये ६० पैसे. हे आयुष्यभर, दुसरी नोकरी लागली तरी.

आता पहिल्या दिवशीचा केसपेपर शोधा. ‘मशीनमध्ये हात सापडला’ अशी डॉक्टरची एक ओळ दहा अर्जांना भारी पडते. सोबत त्या दिवसाची हजेरी आणि त्याच पाळीतल्या दोघांचे सहीचे जबाब जोडा. अपघात कामावरचा मानावा असा अर्ज शाखा कार्यालयात द्या, पोच घ्या. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका, लेखी मागा. ईएसआय न्यायालयात जायला तीन वर्षांची मुदत असते. तुमची कुठल्या तारखेपासून मोजायची ते कामगार वकिलाला विचारा, मी वकील नाही.

इतरांसाठी: अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करून घ्या, पानाचा फोटो काढा. ‘खाजगी दवाखान्याचं बिल मी भरतो’ असं ठेकेदार म्हणाला तरी नोंद सोडू नका. बिल एकदाच भरलं जातं.