नवस बापाचा, भोग लेकीचा

प्रश्न (अमळनेर): आपल्याकडे बोललेला नवस जमला नाही तर देवीची माफी मागून दुसरं काही वाहतात. बायबलमधल्या इफ्ताह या इस्राएली सरदाराला लेक वाचवायला अशी वाट नव्हती का?

उत्तर: होती, असंच आम्हाला वाटतं. लढाई जिंकून परतलो की माझ्या घराच्या दारातून जे मला भेटायला येईल त्याचा होम करीन, असा त्याचा नवस (बायबलमधलं शास्ते पुस्तक, अध्याय ११). डफ वाजवत आली ती एकुलती लेक! बायबलच्याच लेवीय पुस्तकाच्या २७व्या अध्यायानुसार देवाला वाहिलेल्या माणसाचं मोल भरता येई: ५ ते २० वर्षांच्या मुलीचं १० शेकेल (चांदीचं वजनी नाणं), गरिबाला याजक, म्हणजे पुरोहित, कमी करून देई. नवस मोडण्याचा गणना पुस्तकातला (अध्याय ३०) नियम इथे कामाचा नाही; बाप लेकीचा नवस मोडू शकतो, स्वतःचा नाही. यहुदी परंपरा म्हणते, याजक फिनहास नवसातून सोडवू शकला असता, पण इफ्ताह सरदारकीच्या तोऱ्यात, फिनहास आपल्या मानात. कुणीच कुणाकडे गेलं नाही.