थंडीत लहान मुलांना घेऊन चार-पाच दिवस नदीवर बोटीतच राहायचं आहे. गरम कपडे किती न्यावेत?

कपड्यांचं पटकन सांगतो. लोकरीचे किंवा फ्लीसचे थर, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, मोज्यांचे माणशी रोज दोन जोड. सुती काही नको, एकदा भिजलं की बोटीत ते वाळतच नाही. संपलं.

आता खरा त्रास. केबिनच्या बोटीत रात्री माणसं कुडकुडतात ती हीटर बंद पडल्यामुळे आणि गाद्या ओलावल्यामुळे. हीटर चालतो डिझेलवर, पण पेटतो बॅटरीवर. सुरू होताना त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो. दिवसभर बोट काठाला उभी, संध्याकाळी दिवे, पाण्याचा पंप, सगळ्यांचे फोन चार्जिंगला. मग पहाटे बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं आणि हीटर पेटायलाच नकार देतो. लगेच बोटवाल्याला फोन, 'हीटर खराब आहे'. हीटर ठणठणीत असतो, बॅटरी उपाशी असते. इंजिन चालताना बॅटरी भरते, म्हणून रोज तीन-चार तास बोट हाकली तर ही वेळ सहसा येत नाही. हीटर त्याच्याच बटणाने बंद करा. बर्नर गार होईपर्यंत आतला पंखा दोन-चार मिनिटं फिरत राहतो, तेवढ्यात मेन स्विच फिरवू नका. दिवसभर अगदी मंद ठेवला तर काजळी धरते, म्हणून दिवसातून एकदा अर्धा तास पूर्ण जोरावर चालवा.

ओलाव्याचा हिशेब लोकांना पटत नाही. शेगडीत एक किलो प्रोपेन (स्वयंपाकाचा गॅस) जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. त्यात चौघांचे रात्रभराचे श्वास. ही वाफ गार भिंतीवर आणि गादीच्या खालच्या अंगाला जमते, वरून हात लावला तर कळतही नाही. रोज सकाळी गाद्या कडेवर उभ्या करा, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा, ओले कोट केबिनमध्ये टांगू नका.

आणि झरोके! 'ऊब निघून जाते' म्हणत त्यात टॉवेल कोंबणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं वाद घालतोय, इथेही घालतो. झरोका ही बोट बनवणाऱ्याकडून राहून गेलेली फट नाही. शेगडीला जळायला हवा तिथून मिळते. ती अडवली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, ज्याला ना वास ना रंग. शेगडी पेटवून केबिन गरम करणं तर साफ बंद. या वायूचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीला हवा. बोट ताब्यात घेतानाच बटण दाबून वाजवून बघा. शेजारी लागलेल्या बोटीचा धूरही आत येतो. दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर ते थंडीवर ढकलू नका, आधी सगळे बाहेर.

गॅस ब्युटेनचा आहे की प्रोपेनचा, तेही विचारा. ब्युटेन शून्याच्या आसपास सिलिंडरमध्ये द्रवच राहतो, सकाळचा चहा अडतो.

पावसानंतर नदीला ओढ असते, तेव्हा आधी प्रवाहाविरुद्ध जा. बोटीचा वेग ताशी ८ किलोमीटर आणि प्रवाह ३ चा असेल तर २० किलोमीटर चढायला चार तास, उतरायला दोनही लागत नाहीत. उलट केलंत तर शेवटच्या दिवशी अंधार पडायच्या आत बोट परत करायची मारामार. काठाला लागताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रवाहाच्या तोंडाला ठेवा. रात्री पाणी उतरेल अशी शंका असेल तर दोरांना ढील द्या, नाहीतर बोट एका अंगाला टांगलेली सापडते. लॉकमध्ये (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारा, दोन्हीकडे दारं असलेला हौद) दोर बांधायचा नाहीच, खुंट्याला वळसा घालून हातात धरायचा. पाणी उतरत असताना मागच्या दारालगतच्या उंबऱ्यापासून बोट पुढे ठेवायची.

मुलांचं लाइफ जॅकेट कोटाच्या वरून, पायांमधला पट्टा लावून. हवेने फुगणारं जॅकेट कोटाखाली घातलं तर फुगताना छातीच आवळतं. कोणी पडलं तर आधी गिअर न्यूट्रल; प्रोपेलर थांबल्याशिवाय त्याच्याजवळ जायचं नाही.

हे सगळं हीटर असलेल्या बंद केबिनच्या बोटीबद्दल. उघडी बोट असेल तर कपड्यांचा प्रश्न रास्त आहे, पण तिथेही पाणी १५ अंशांखाली असेल तर पडल्या पडल्या धाप लागते आणि पहिली दोन-तीन मिनिटं चांगल्या पोहणाऱ्यालाही श्वास आवरत नाही. तेव्हा ज्याला 'मला पोहता येतं, जॅकेट कशाला' म्हणायचंय, त्याला काठावरच ठेवा.