कँडीच्या कुत्र्यापासून सुरुवात कर

अगं, ‘ऑफ माइस अँड मेन’वर लिहायचंय ना? मग आधी गाईड उघडू नकोस. स्टाइनबेकची ही कादंबरी (१९३७) जेमतेम शंभरेक पानांची आहे. एका बैठकीत वाचून काढ, मग तिसऱ्या प्रकरणावर परत ये. रँचवरच्या म्हाताऱ्या कँडीच्या तितक्याच म्हाताऱ्या कुत्र्याला कार्लसन हा दुसरा मजूर गोळी घालायला बाहेर नेतो. आत नायक जॉर्ज पत्ते पिसत राहतो आणि सगळे गोळीच्या आवाजाची वाट बघतात. ती शांतता सावकाश वाच. पुढे कँडी जॉर्जला म्हणतो, कुत्र्याला मीच गोळी घालायला हवी होती. आणि शेवटी जॉर्ज आपल्या मित्राला, लेनीला, स्वतः गोळी घालतो तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल कुणाचं? कार्लसनचंच! मी पहिल्या खेपेला ‘मैत्री, मैत्री’ करत पानं भरली नि नेमकं हेच सुटलं. मालकाच्या मुलाच्या, कर्लीच्या, बायकोला नावच नाही, तेही टिपून ठेव. महामंदीचा इतिहास मात्र दोन ओळींत उरक.