६२० हा आकडा कुठून आला, ते आधी विचारा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. दीड वर्ष तिरंदाजी, रिकर्व्ह धनुष्य, ७० मीटर, आणि शेवटचे दहा स्कोअर तुम्ही प्रामाणिकपणे दिलेत: ५३१, ५४८, ५४०, ५६६, ५३८, ५५२, ५४४, ५२९, ५५७, ५४५. निवड चाचणीला ६२० लागतात असं कुणीतरी सांगितलंय, म्हणून तीन महिन्यांत, दिवाळीपर्यंत, ६२० करायचे आणि त्यासाठी ३४ पौंड ओढीचे लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) काढून ४० चे बसवायचे का, असा तुमचा प्रश्न आहे. पाच वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच उभी होते. माझा आकडा ६०० होता, एवढाच फरक.

मी कोच नाही, हे आधीच सांगते. कंपाऊंडवाल्यांनी (चाकांच्या धनुष्याच्या) यातले आकडे घेऊ नयेत, त्यांचं अंतर ५० मीटर आणि फेस, म्हणजे लक्ष्याचा कागद, लहान, सगळा हिशोबच वेगळा. अँकर, रिलीज, ट्युनिंग अशा तंत्राच्या गोष्टींवर काही लिहीत नाही, दीड वर्षात ते झालेलं असणार.

माझे ६०० कुठून आले ते सांगते. चाचणीला किमान स्कोअर किती, हे विचारायला मी एका कार्यालयात तीनदा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा पलीकडून उत्तर आलं, "६०० धरून चाला." लेखी काही मिळेल का विचारलं, तर "परिपत्रक निघेल तेव्हा कळेल." परिपत्रक शेवटपर्यंत निघालं नाही. तेव्हा माझा नेहमीचा स्कोअर ५५८ च्या आसपास होता आणि एकदाच ५८१ लागले होते. त्या एका दिवसाला मी माझी पातळी समजले. ६०० ला १९ च तर कमी आहेत, असं धरून चाचणीच्या तीन आठवडे आधी ४० चे लिंब लावले.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. माझे बाण जुन्या पौंडेजच्या स्पाइनचे (ताठपणाचे), ते नव्या लिंबांना मऊ पडले आणि ग्रुप, म्हणजे बाणांचा झुबका, उजवीकडे सरकला. मी साईट (नेम धरायची खूण) उजवीकडे नेत राहिले. दहाव्या दिवशी खांदा दुखायला लागला, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टक् वाजणारी पट्टी) वाजेपर्यंत ओढ टिकेना. चाचणीच्या सकाळी फळ्यावर कागद लावलेला होता: किमान स्कोअर नाही, पहिले चार घेणार. मी ४९८ केले. चौथ्या नंबरच्या मुलीचे ५४९ होते. जुन्या लिंबांवर, माझ्या नेहमीच्या दिवशी, मी त्या चारांत होते. हे लिहितानाही मला राग येतो. एक ओळीची सूचना वेळेवर लावायला काय लागतं? लोक कर्ज काढून बो घेतात, रजा टाकून चाचणीला येतात, आणि किती गुण लागणार ते त्यांना फोनवर अंदाजाने सांगितलं जातं. म्हणून माझं मत ठाम आहे: लेखी हातात नसलेला आकडा ध्येय म्हणून घ्यायचा नाही. तुमचे ६२० कुणी सांगितले, कशाच्या आधारावर, ते आधी विचारा.

आता तुमचा हिशोब. दहा स्कोअरची सरासरी ५४५ येते. ६२० म्हणजे ७५ गुण जास्त. राऊंडमध्ये बाण ७२, म्हणजे प्रत्येक बाण एक रिंग आत आणायचा आणि वर तीन गुण. १२२ सेंटिमीटरच्या फेसवर एक रिंग ६.१ सेंटिमीटरची असते. ७० मीटरवरून प्रत्येक बाण तेवढा आत, वारा असो नसो, तीन महिन्यांत. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव यांचा टोकियो ऑलिंपिकच्या रँकिंग राऊंडमधला स्कोअर ६५६ होता, २०२४ ला पॅरिसमध्ये ६५८. या पातळीवर दोन-दोन गुण किती महाग असतात, ते यातून दिसतं.

मी असते तर तीन महिन्यांसाठी सरासरी ५५७ ठेवली असती. १२ गुण, म्हणजे एका एंडला (सहा बाणांच्या फेरीला) एक. आणि त्याहून महत्त्वाचं, सगळ्यात वाईट दिवस ५४० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. तुमच्या यादीत ५४० च्या खालचे तीन आहेत. ५६६ चा विचार सोडा, त्या तिघांकडे बघा. त्या दिवशी वारा होता, झोप कमी होती की नवी स्ट्रिंग होती? काही जणांना हे ध्येय फार बुटकं वाटेल. मला नाही वाटत.

माझे गुण कुठे जात होते ते मला फार उशिरा कळलं, आणि त्याचं कारण स्कोअर शीट. आपण शीटवर मोठ्याकडून लहानाकडे लिहितो: १०, ९, ८, ८, ७, ५. स्पर्धेला तसंच लिहायचं असतं, पण त्यात बाण कुठल्या क्रमाने सुटले ते पुसलं जातं. मैत्रीण मागे दुर्बीण लावून बसली आणि सुटेल तसा बाण साध्या वहीत लिहीत गेली. चार दिवसांनी वही उघडली तर ५ आणि ६ जवळपास प्रत्येक एंडला पहिल्या रकान्यात. बाण काढून ७० मीटर चालत यायचं आणि श्वास बसायच्या आत पहिला ओढायचा, असं चाललं होतं. शूटिंग लाइनवर दोन श्वास थांबायला लागले आणि महिन्याभरात सरासरी आठ गुणांनी वाढली. लिंब तेच, साईट तीच.

त्याच वहीत बाणाचा नंबरही लिहा. माझा ४ नंबरचा आठवडाभर एकटाच खाली डावीकडे पडत होता. नॉकला (दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेला) केसाएवढी भेग निघाली. तसा बाण लगेच बाजूला काढा, धोका असतो.

५० मीटरचे स्कोअर या यादीत मिसळू नका. पावसाळ्यात शेडमध्ये १८ मीटर मारत असाल तर त्याची वही वेगळी ठेवा.

लिंबांचं म्हणाल तर चाचणीआधी नको. नंतर दोन-दोन पौंडांनी चढा, आणि बाणांचा खर्च त्याच बजेटमध्ये धरा. खांद्यात आत्ताच कळ येत असेल तर इथे विचारू नका, फिजिओला दाखवा.

दहा दिवसांची सुटलेल्या क्रमाची वही इथे टाकलीत तर मी नक्की बघेन. रविवारी सकाळी मला वेळ असतो.