मेम्ब्रेन प्रोटीन मूळच्या लिपिडसकट अभ्यासायचं असेल तर नॅनोडिस्क बरी की एसएमए?

मूळचं लिपिड (पेशीच्या पटलातले स्निग्ध रेणू) टिकवायचंच असेल तर एसएमए, म्हणजे स्टायरीन-मॅलेइक ॲसिड हा पॉलिमर. नेहमीच्या नॅनोडिस्कसाठी (प्रोटीनच्या पट्ट्याने बांधलेली लिपिडची चकती) प्रोटीन आधी डिटर्जंटमध्ये, म्हणजे पटल विरघळवणाऱ्या साबणात, काढावंच लागतं आणि मग भोवती बसतं ते बाटलीतलं विकतचं लिपिड.

एवढ्या तावातावाने लिहितोय कारण पीएचडीत याच मुद्द्यावरून गाईडशी माझं वाजलं होतं. ई. कोलाय जिवाणूचा एक एबीसी ट्रान्सपोर्टर, म्हणजे एटीपी फोडून पटलापार माल नेणारं प्रोटीन. डीडीएम या डिटर्जंटमध्ये काढला की जेल फिल्ट्रेशनला (आकारानुसार प्रोटीन वेगळी करायची पद्धत) पीक असा देखणा यायचा की सर तो येईल-जाईल त्याला दाखवायचे. एटीपेझ, म्हणजे एटीपी फोडण्याचं काम, मात्र शून्य. सरांचं निदान ठरलेलं: "प्रोटीन उत्तम आहे, तुझ्या ॲसेत (मोजणीत) घोळ आहे." अहो, पीकवरून प्रोटीनचा आकार कळतो, ते काम करतंय की नाही हे कुठून कळणार? शेवटी त्याच नमुन्यातलं लिपिड काढून टीएलसी केली, म्हणजे सिलिका प्लेटवर लिपिडचे प्रकार ठिपक्यांनी वेगळे केले. प्लेट जवळपास कोरी. मग ई. कोलायचंच लिपिड परत घातलं, तर एटीपेझ सुरू! ॲसे तीच, बफर तेच. त्यावर सर म्हणाले, "लिपिडने डिटर्जंटचा त्रास कमी केला, दुसरं काही नाही."

म्हणून एसएमएकडे वळलो. बर्मिंगहॅमच्या गटाने ते २००९ मध्ये दाखवलं होतं: हा पॉलिमर पटलात शिरून शंकरपाळ्या कापाव्यात तशा दहाएक नॅनोमीटरच्या चकत्या पाडतो, आतल्या लिपिडसकट. माझ्या चकत्यांत पीई, पीजी, कार्डिओलिपिन, ई. कोलायच्या या तिन्ही मुख्य लिपिडांचे ठिपके आले. सरांनी प्लेट पाहिली आणि विषय बदलला. २०१८ मध्ये ॲक्रबी पंपाची (ई. कोलायचाच, औषधं बाहेर फेकणारा) ३.२ अँगस्ट्रॉमची क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी) रचना आली, एसएमएतूनच, पंपाच्या मधल्या पोकळीत लिपिडचे रेणू शिस्तीत बसलेले. तो पेपर त्यांना मेल केला. उत्तर नाही.

हां, एटीपेझ मात्र एसएमएत मोजायला जाऊ नका. एटीपेझला मॅग्नेशियम लागतं, आणि काही मिलिमोलर मॅग्नेशियमच्या पुढे पॉलिमर खाली बसतो, पीएच साडेसहाच्या खाली गेला तरी तेच. मॅग्नेशियम लागणार असेल तर डिबमा, हा स्टायरीन नसलेला तसाच पॉलिमर, बघा. एसएमएतल्या स्टायरीनमुळे प्रोटीन मोजायचं २८० नॅनोमीटरचं रीडिंगही फसवं येतं. वाहतूक मोजायची तर लायपोसोमच (लिपिडचे पोकळ फुगे) लागतील, चकतीला आत-बाहेर नसतं. आणि चकतीतलं लिपिड पटलातल्याच प्रमाणात असेल याचीही खात्री नाही.

तुमचं प्रोटीन कोणतं ते लिहिलेलं नाही. कोणतंही असो, गाईड पीक दाखवायला लागले की त्याच नमुन्याची टीएलसी मागा. "आपल्याकडे होत नाही" म्हणाले तर सिलिका प्लेट आणि मॉलिब्डेनम ब्लूची (फॉस्फोलिपिडचे ठिपके दाखवणारा फवारा) बाटली मागवा, फार महाग नसते.