जबाब कन्नडात, साक्ष मराठीत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले मराठी साक्षीदार साक्षीआधी मदतीसाठी मला भेटायला आले की बहुतेकांची काळजी एकच असते. “पोलिसांनी कन्नडात लिहून घेतलंय, खाली माझी सही आहे. आत काय आहे ते मला वाचता येत नाही. कोर्टात वेगळं बोलले तर मीच खोटी ठरणार काय?”

खानापूर तालुक्यातल्या एका काकूंनीही हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बस थांब्यावर मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांची सोन्याची साखळी हिसकावली होती. चोर सापडले, साखळीही सापडली आणि बऱ्याच महिन्यांनी साक्षीचं समन्स आलं. काकूंची झोप उडाली. बाजारापुरतं कन्नड त्यांना येतं, कोर्टातलं नाही. सून म्हणाली, “फिर्याद पाठ करून जावा की.”

पाठ करू नका, असं मी ठामपणे सांगितलं. मी कुणालाच साक्ष शिकवत नाही. शिकवलेलं उलटतपासात, म्हणजे विरुद्ध बाजूचे वकील प्रश्न विचारतात तेव्हा, उघडं पडतं, आणि खऱ्या माणसाचं नुकसान होतं. फिर्याद वाचून दाखवून मगच सही घ्यावी आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी, असा कायदा आहे. काकूंकडे प्रत नव्हती, ती मागून घेतली. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाले. महिलांना उत्पन्न न बघता ही मदत मोफत मिळते. हेल्पलाइन १५१०० आहे. वकिलांनी फिर्याद मराठीत समजावली, तेव्हा कळलं की काकू गाडी लाल सांगतात आणि कागदावर ती काळी आहे. काकू रडायलाच लागल्या.

अशा वेळी काय करायचं? साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटून हे सांगायचं आणि कोर्टात आठवतं तेच बोलायचं. विचारलंच तर, कन्नड वाचता येत नाही हेही सांगायचं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचं. हे पूर्ण उत्तर आहे. फिर्याद म्हणजे साक्ष नव्हे. तिच्यातली तफावत विरुद्ध बाजूचे वकील दाखवतील, टोचून विचारतील, ते त्यांचं कामच आहे. तेवढ्यावरून कोणी खोटं ठरत नाही.

आणि साक्ष मराठीतच द्यायची. नोंद कन्नडात झाली तरी ती साक्षीदाराला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावी लागते. नोंद चुकीची वाटली तर मॅजिस्ट्रेट ती दुरुस्त करतात किंवा साक्षीदाराची हरकत नोंदवतात. ‘मराठीत सांगा’ म्हणायला आपल्याकडची माणसं फार संकोचतात, याचं मला वाईट वाटतं. काकूंनी ते म्हटलं. नोंदीत ‘डावीकडून’च्या जागी ‘उजवीकडून’ आलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं आणि दुरुस्त झालं. गाडीचा रंग त्यांनी लालच सांगितला. त्यावर उलटतपास बराच लांबला, पण त्या डगमगल्या नाहीत.

खटला अजून चालू आहे. साखळी मुद्देमालात, म्हणजे खटल्यासाठी जप्त केलेल्या वस्तूंत, असली तरी ती निकालाआधी हमीपत्रावर परत मागता येते, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. आता अर्ज केला आहे. सोनाराची पावती हरवली होती, म्हणून मुलाच्या लग्नातला, साखळी स्पष्ट दिसणारा फोटो जोडला आहे.